टीव्ही भिंतीवर, पण कोणत्या भिंतीवर?

गेल्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. शहाद्याजवळच्या एका गावातून एक आजोबा आपल्या अडीच वर्षांच्या नातीला खांद्यावर घेऊन घाईघाईने आत आले. मागे मुलीची आई आणि तिच्या मागे निम्मे घर. मुलीच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ, ओठ फाटलेला आणि वाटेत दोनदा उलटी झालेली. "कुठून पडली?" असे मी नेहमीप्रमाणे विचारले. आजोबा म्हणाले, "ती नाही पडली डॉक्टरसाहेब, टीव्ही तिच्यावर पडला."

टीव्ही नवा, बत्तीस इंची, सपाट. खणांच्या एका अरुंद कपाटावर तो नुसता उभा केलेला होता आणि रिमोट त्याच्या मागे ठेवलेला होता. पोरीने खालचा खण बाहेर ओढला, त्याची पायरी केली, वर चढली आणि आधार म्हणून टीव्हीची कड धरली. पुढचे सांगायला नको. दोन उलट्या आणि पेंग पाहून मी तिला सीटी स्कॅनसाठी लगेच पुढे पाठवले. कवटीच्या हाडाला बारीकसा तडा होता, आत रक्तस्राव नव्हता. चौथ्या दिवशी पोर घरी गेली.

प्रत्येक पोर घरी जातेच असे नाही. वीसेक वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला होता. एकवीस इंची डबा टीव्ही, भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवलेला. मुलाने वायर ओढली आणि टीव्ही फळीसकट खाली आला. मी नाडी पाहिली तेव्हा ती नव्हती. त्या बापाने मला एकच प्रश्न विचारला होता, "टीव्हीने माणूस मरतो का साहेब?" त्याचे उत्तर मी त्या वेळी नीट दिले नाही. आजचा लेख त्याच उत्तरासाठी आहे.

आपल्याकडे टीव्ही उंचावर ठेवायची सवय कुठून आली याचा माझा एक अंदाज आहे. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा आपला जिल्हा अजून धुळ्यातच होता (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला). गल्लीत एक-दोन घरी टीव्ही. रविवारी सकाळी सारी आळी त्या घरात. पन्नास माणसे जमिनीवर बसली की मागच्याला दिसावे म्हणून टीव्ही टेबलावर, टेबल पाटांवर. लाकडी शटरचा तो टीव्ही देवघरासारखा उंचच शोभायचा. आता घरोघरी टीव्ही आहे, बघणारी माणसे चार आहेत, पण उंची मात्र तीच राहिली.

डबा टीव्ही का पडतो आणि सपाट टीव्ही का पडतो, याची कारणे वेगवेगळी आहेत. डबा टीव्हीच्या पुढच्या बाजूला जाड काच असते. सगळे वजन तोंडाशी, मागचा भाग जवळजवळ पोकळ. त्यामुळे थोडा हिसका बसला तरी तो पुढेच, म्हणजे मुलाच्या अंगावरच येतो. एकवीस इंची डबा वीस ते पंचवीस किलोचा, म्हणजे गव्हाचे अर्धे पोते. दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे. तीन फुटांवरून अर्धे पोते डोक्यात पडले तर काय होईल ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सपाट एलईडी टीव्ही त्या मानाने हलका, बत्तीस इंचीचे वजन चार-पाच किलोच्या आसपास. पण तो उंच, पातळ आणि दोन बारीक पायांवर उभा. त्याला पाडायला हिसकाही लागत नाही, कडेला धरून मूल उभे राहिले तरी पुरते. शिवाय मोठ्या आकाराचे टीव्ही पुन्हा पंधरा किलोच्या घरात जातात.

अमेरिकेत या अपघातांचा अभ्यास झाला आहे. १९९० ते २०११ या काळात तेथे टीव्हीमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या मुलांची संख्या दर वर्षी सरासरी सतरा हजारांहून अधिक होती. त्यांत पाच वर्षांखालची मुले सर्वांत जास्त आणि मार बहुतेक डोक्याला व मानेला. आणखी एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. नवा टीव्ही बैठकीत आला की जुना डबा टाकून दिला जात नाही. तो आतल्या खोलीत, मुलांच्या खोलीत, मिळेल त्या कपाटावर जातो. टीव्ही म्हणून त्याची किंमत उरली नसली तरी वजन तेवढेच राहते. तो चालत नसेल तर भंगारवाल्याला द्यावा, चालत असेल तर जमिनीलगत ठेवावा.

मग टीव्ही भिंतीला लावावा, हे उत्तर सरळ दिसते. बरोबरही आहे. पण भिंतीचा स्टँड म्हणजे काय, हे समजून न घेता लावला तर तोच टीव्ही आणखी उंचावरून पडतो.

बाजारात तीन तऱ्हेचे स्टँड मिळतात. एक, भिंतीला चिकटून राहणारा साधा. दुसरा, टीव्ही थोडा खाली झुकवता येतो असा. तिसरा घडीच्या हाताचा. तो बाहेर ओढता येतो, डावीउजवीकडे फिरवता येतो, आत ढकलता येतो. दुकानदार तिसरा आधी दाखवतो, कारण तो फिरवून दाखवायला बरा वाटतो. कोणताही घ्या, आधी टीव्हीच्या पाठीवरची चार भोके मोजा. त्यांच्यातील अंतरे ठरलेली असतात, १००, २००, ४०० मिलिमीटर अशी. याला व्हेसा प्रमाण म्हणतात आणि स्टँडच्या खोक्यावर ते लिहिलेले असते. किती किलो पेलतो हेही लिहिलेले असते. टीव्हीचे वजन त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तिकेत सापडते.

पण खोक्यावरचा आकडा स्टँडचा असतो, तुमच्या भिंतीचा नसतो. खरी मेख इथे आहे.

पाण्याने भरलेली बादली अंगाला लावून धरा. आता तीच हात लांब करून धरा. बादली तीच, पाणी तेच, पण खांदा दुखू लागतो. घडीच्या हाताचा स्टँड बाहेर ओढला की भिंतीचे तसेच होते. हिशोब सोपा आहे. समजा टीव्ही आठ किलोचा. स्टँडच्या पत्र्याचे वरचे आणि खालचे स्क्रू यांत वीस सेंटिमीटर अंतर आहे. टीव्ही भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटू पाहणारा जोर दोन किलोचा. हात चाळीस सेंटिमीटर बाहेर ओढला की तोच जोर सोळा किलो होतो, आठपट. आणि त्या बाहेर आलेल्या टीव्हीला पंधरा किलोचे पोर लोंबकळले तर सेहेचाळीस किलो. शिवाय पोर स्थिर लोंबकळत नाही, झोके घेते. रोज ओढून-ढकलून स्क्रू सैल होतात, ते वेगळेच.

म्हणून माझे मत असे की ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे आणि टीव्ही फिरवायची खरी गरज नाही, तिथे साधा किंवा झुकणारा स्टँडच घ्यावा. फिरत्या हाताची गरज अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत असते. पक्षाघाताच्या रुग्णाला कूस बदलून दिली की टीव्हीही त्या बाजूला वळवता येतो, त्याला मान पिळावी लागत नाही. बैठकीत एरवी त्याचा उपयोग पाहुण्यांना दाखवण्यापुरताच होतो, असे मी पाहिले आहे. घेतलाच तर पाहून झाल्यावर आत ढकलून ठेवावा.

आता भिंत. आपल्या जिल्ह्यात भिंती किती प्रकारच्या आहेत ते मोजून पाहा. नंदुरबार-शहाद्याच्या नव्या वसाहतींत विटांच्या किंवा सिमेंटच्या हलक्या ब्लॉकच्या. जुन्या गावठाणात धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या. अक्कलकुवा-धडगावकडे कुडाच्या, वर माती-शेणाचा लेप. या सगळ्यांना एकच स्क्रू आणि एकच प्लॅस्टिकची गिट्टी चालेल कशी?

पक्क्या विटांची नऊ इंची भिंत असेल तर उत्तम. पण तिथेही वरचा अर्धा-पाऊण इंच नुसता गिलावा असतो, त्याला जोर नसतो. गिट्टी गिलाव्याच्या पलीकडे विटेत दीड-दोन इंच तरी गेली पाहिजे. भोक विटेत पडावे, विटांच्या सांध्यात नव्हे. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, करडी रेतीच येत राहिली तर सांधा. तसे झाले तर जागा थोडी सरकवावी. चार इंची आडभिंतीवर जड टीव्ही लावू नये. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीची वेगळी गिट्टी मिळते, तीच मागून घ्यावी. ओल येणारी भिंत टाळावी, कारण स्क्रू आत गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये, तिथून आत वायरी गेलेल्या असतात.

मातीच्या भिंतीत कोणतीही गिट्टी धरत नाही. मोठा खिळा ठोकला, घट्ट वाटला, म्हणून फसू नये. आठ दिवसांत भोक रुंद होते. वर सांगितलेली फळी अशाच भिंतीत होती. धाब्याच्या घरात सागाचे खांब असतात, ते भिंतीपेक्षा कितीतरी विश्वासाचे. दोन खांबांमध्ये जाड फळी आडवी बोल्टने कसावी आणि स्टँड त्या फळीला लावावा. कुडाच्या घरात भिंतीचा नादच सोडावा. टीव्ही बुटक्या, रुंद, जड वस्तूवर, जुनी लाकडी पेटी असेल तर तिच्यावर, मागे सरकवून ठेवावा आणि पाठीच्या भोकांत स्क्रू बसवून नायलॉनच्या पट्ट्याने घराच्या खांबाला बांधावा. सुतळी चालणार नाही. उंदीर आहेत.

टीव्हीच्या पाठीत जाणारे स्क्रूही योग्य लांबीचे हवेत. आखूड असले तर निसटतात, लांब असले तर आतला पडदा फोडतात. आणि टीव्ही टांगण्याआधी रिकाम्या स्टँडला दोन्ही हातांनी जोर लावून खाली आणि बाहेर ओढून पाहावे. हलला, गिलाव्याची भुकटी पडली, तर टीव्ही लावू नये. बसवणारा कितीही घाईत असला तरी ही परीक्षा त्याच्यासमोरच घ्यावी. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा स्क्रू आवळून घ्यावेत.

आता उंचीकडे येतो. येथे माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. माझ्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत मी टीव्ही लावला तो छताला लागून. कोणाचा हात लागू नये हा हेतू. त्यानंतर माझा कंपाउंडर मानदुखीची तक्रार करू लागला. मी त्याला गोळ्या दिल्या, मलम दिले, उशी बदलायला सांगितले. तीन महिने गेले. एके दिवशी तो रजेवर असताना मी त्याच्या खुर्चीवर बसलो आणि पाच मिनिटांत माझीच मान अवघडली. टीव्ही त्याच्या समोर नव्हता, डोक्यावर होता.

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. ते मानेच्या मणक्यांवर तोललेले असते तोवर स्नायूंना फारसे काम नसते. मान मागे टाकून तासभर वर पाहिले की मागचे स्नायू आखडतात आणि मणक्यांचे मागचे सांधे दाबले जातात. ज्यांना मानेच्या मणक्यांची झीज आहे त्यांच्या हाताला मुंग्या येतात. काही वयस्क माणसांना वर पाहताच भोवळ येते. तरुणाला हे जाणवत नाही, म्हणून टीव्हीची उंची तरुण ठरवतो आणि मान आजीची दुखते.

साधा नियम असा की बसल्यावर डोळे जिथे येतात, टीव्हीचा मध्य त्याच उंचीला किंवा किंचित खाली यावा. खुर्चीवर बसणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. पण आपल्याकडे निम्मी माणसे जमिनीवर बसून टीव्ही पाहतात आणि त्यांचे डोळे अडीच फुटांवर असतात. शहरी पुस्तकातली उंची आपल्याला चालत नाही ती यामुळे. घरात दोन्ही तऱ्हेने बसणारे असतील तर तीन-साडेतीन फूट हा मधला मार्ग. काही कारणाने वर लावावाच लागला तर झुकणारा स्टँड घ्यावा आणि पाहणाऱ्यांनी मागे सरकून बसावे. अंतर वाढले की मान कमी वळते. समोरची खिडकी पडद्यात चमकत असेल तर तेही झुकवून सुधारता येते.

वाचक म्हणतील, डॉक्टर, मानेसाठी टीव्ही खाली आणा म्हणता, आणि खाली आणला की पोर त्याला धरते. खरे आहे. म्हणूनच खाली आणायचा तर पक्का बांधूनच आणायचा. उंची हे सुरक्षेचे साधन नाही. उंचावर काही आहे असे दिसले की मूल चढते. टीव्हीवर रिमोट, बिस्किटाचा पुडा, खेळणे ठेवणे म्हणजे त्याला बोलावणेच. लोंबणाऱ्या वायरी भिंतीला पट्टीने बांधून घ्याव्यात.

इतर वस्तूंविषयी थोडक्यात. खणांचे कपाट आणि पुस्तकांची उंच मांडणी वरच्या बाजूने भिंतीला कोन-पट्टीने जखडावी. अमेरिकेत २०१६ साली एका मोठ्या कंपनीला अशी सुमारे दोन कोटी नव्वद लाख कपाटे मुलांवर कोसळण्याच्या भीतीने परत बोलवावी लागली आणि २०२२ साली त्यासाठी कायदाही झाला. न्हाणीघरातला पंधरा लिटरचा गीझर रिकामा असताना बसवतात, पण भरल्यावर त्यात पंधरा किलो पाणी असते. त्याचे स्क्रू पाण्यासकट वजनाचे हवेत. भिंतीवरचा पंखा सतत थरथरतो, त्याचे स्क्रू इतरांपेक्षा लवकर सैल होतात. तो पाळण्याच्या वर कधीही नसावा.

एवढे करूनही अपघात झाला तर काय करावे? आधी टीव्हीचा स्विच बंद करून प्लग काढावा, मगच हात लावावा. टीव्ही उचलताना तो मुलावर पुन्हा घसरणार नाही असा दोघांनी उचलावा. मूल बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, तर मान वाकवू नये, गदागदा हलवू नये. डोके आणि धड एका रेषेत ठेवून सपाट फळीवर न्यावे. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. हळद, कॉफी, चुना भरू नये, नंतर धुऊन काढताना मुलाचे हाल होतात. टेंगळाला चोळू नये, थंड पाण्याची पट्टी पुरे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

एकापेक्षा जास्त उलट्या, पेंग किंवा न उठणे, झटके, थोडा वेळ का होईना शुद्ध हरपणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्राव, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, एका बाजूचा हात-पाय न हलवणे, न थांबणारे रडणे. यांतले एकही लक्षण दिसले तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फोन करताच मागवता येते. छातीवर किंवा पोटावर टीव्ही पडला असेल तर बाहेर खूण नसली तरी तपासून घ्यावे.

एका गोष्टीने मात्र पुष्कळ लोक फसतात. मूल मार लागल्यावर रडते, मग गप्प होते, खेळते, जेवते. घरचे निश्चिंत होतात. काही तासांनी ते पुन्हा झोपाळू होते. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असले तर असेच होते. म्हणून पहिले चोवीस तास मुलाजवळ कोणीतरी मोठे माणूस असावे. रात्री झोपू द्यायला हरकत नाही, पण दर दोन तासांनी उठवून नाव विचारावे, आई ओळखते का पाहावे. लहान बाळ नीट रडते आणि दूध पिते ना हे पाहावे. धडगावच्या बाजूला राहणाऱ्यांनी यात चांदसैली घाट उतरायला लागणारा वेळ धरावा. शंका संध्याकाळी आली तर संध्याकाळीच निघावे, सकाळची वाट पाहू नये.